शासकीय निविदा आणि बयाणा रक्कम

उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात देवणी बैलजोडीचा सौदा ठरला, की घेणारा विकणाऱ्याच्या हातावर काही रक्कम ठेवतो. या रकमेस इसार म्हणतात. इसार घेतल्यावर विकणाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावयाचे नसते आणि देणाऱ्याने शब्द फिरविला तर इसार बुडतो, हे तेथे कोणास लिहून द्यावे लागत नाही. शेतजमिनीच्या व्यवहारातील इसारपावती हे याच रीतीचे कागदावर उतरलेले रूप होय.

शासकीय कामाच्या निविदेबरोबर घेतली जाणारी बयाणा रक्कम वरवर पाहता याच जातीची दिसते. कित्येक निविदा सूचनांत तिला 'इसारा रक्कम' असेच म्हटलेले असते. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. बाजारातील इसार सौदा ठरल्यावर दिला जातो. निविदेची बयाणा रक्कम सौदा ठरण्यापूर्वीच द्यावी लागते. पाच जणांनी निविदा भरल्या तर पाचही जणांची रक्कम कार्यालयाकडे येते, आणि त्यांतील चौघांशी कधीच करार व्हावयाचा नसतो. बयाणा रकमेवरून उद्भवणारे बहुतेक वाद समजून घेण्याची किल्ली या भेदात आहे.

मराठवाड्यात कंत्राटदारास गुत्तेदार आणि लिलावास हर्रास म्हणण्याचा प्रघात हैदराबाद संस्थानाच्या काळापासून चालत आला आहे. शब्द जुने राहिले, पद्धत मात्र पार बदलली. पूर्वी मोहोरबंद लिफाफा कार्यालयातील पेटीत पडे आणि ठरलेल्या वेळी सर्वांसमक्ष उघडला जाई. आज तोच लिफाफा राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर भरला जातो. तरीही पहिला लिफाफा उघडताच प्रथम पाहावयाची गोष्ट बदललेली नाही. बयाणा रक्कम आली आहे काय, ती पुरेशी आहे काय, आणि सूचनेत सांगितलेल्या स्वरूपात आली आहे काय?

बयाणा रक्कम कशासाठी?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५ अन्वये कोणताही देकार त्याची स्वीकृती पूर्ण होण्यापूर्वी केव्हाही मागे घेता येतो. खाजगी व्यवहारात याने फारसे बिघडत नाही. शासकीय कामात मात्र निविदा उघडणे, तुलनात्मक तक्ता तयार करणे, छाननी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि कार्यारंभ आदेश यांत आठवडे, कित्येकदा महिने जातात. या काळात न्यूनतम दराचा निविदाकार निघून गेला, किंवा त्याने निघून जावे अशी व्यवस्था इतरांनी केली, तर सारी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. उन्हाळ्यात व्हावयाचे पाझर तलावाचे काम त्यामुळे पुढील उन्हाळ्यावर जाते.

ठरलेल्या मुदतीपर्यंत निविदाकाराने आपल्या दरास बांधून राहावे आणि काम मिळाल्यास करार करून सुरक्षा ठेव भरावी, एवढ्याचसाठी बयाणा रक्कम असते. काम नीट व वेळेवर होण्याची हमी तिच्यातून मिळत नाही. ती सुरक्षा ठेवीतून व कार्यपूर्तीच्या हमीतून मिळते. या दोन रकमांची गल्लत हे वादाचे एक नेहमीचे मूळ आहे. निविदाकाराची आर्थिक ताकद अजमावण्यासाठीही ही रक्कम नसते. त्यासाठी ऐपत प्रमाणपत्र व उलाढालीचे दाखले वेगळे मागविले जातात.

किती रक्कम घ्यावी, याबाबत केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के अशी मर्यादा आहे. धनाकर्ष, मुदत ठेव पावती, बँकेचा धनादेश, बँक हमी ही तिची मान्य रूपे असून २०२२ मध्ये विमा कंपनीच्या जामीनपत्राचीही त्यांत भर पडली. रकमेची किंवा हमीची मुदत निविदेच्या वैधतेनंतर आणखी ४५ दिवस असावी, असेही तेथे म्हटले आहे. हे नियम केंद्राच्या खर्चास लागू होतात. राज्याच्या विभागांना आपापल्या नियमपुस्तिका व शासन निर्णय पाहावे लागतात; वस्तूंच्या खरेदीसाठी उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय या बाबतीत पायाभूत ठरला. जागतिक बँकेच्या साह्याने होणाऱ्या कामांना त्या बँकेचे खरेदी नियम लागू होतात व त्यांतही निविदा हमीची तरतूद असते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्याचा जो कार्यक्रम हाती घेतला गेला, त्यास जागतिक बँकेचे कर्ज होते. अशा वेळी एका निविदेचा घोळ म्हणजे पत्र्याच्या निवाऱ्यात आणखी एक पावसाळा.

दोन वर्गखोल्यांची निविदा

वाद कसा निर्माण होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, मुखेड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्यांसाठी २५ लाख रुपये अंदाजित किमतीची निविदा निघाली. बयाणा रक्कम ५० हजार रुपये. ती ऑनलाइन भरावी, अथवा अनुसूचित बँकेची मुदत ठेव पावती किंवा बँक हमी द्यावी. पावती व हमी निविदा सादर करण्याच्या अंतिम दिनांकापासून १६५ दिवस वैध असावी, असे सूचनेत म्हटले आहे. तीन निविदा येतात. पहिल्याने रक्कम ऑनलाइन भरली आहे. दुसऱ्याने गावातील पतसंस्थेची ५० हजारांची ठेव पावती जोडली आहे. तिसऱ्याने बँक हमी दिली आहे, पण ती ९० दिवसांचीच आहे.

नियमाप्रमाणे बयाणा रकमेचा निर्णय वित्तीय लिफाफा उघडण्यापूर्वी व्हावयास हवा. समजा, कार्यालयाने घाई करून तिन्ही दर उघडले. पहिल्याचा दर २४ लाख १० हजार, दुसऱ्याचा २२ लाख ६० हजार, तिसऱ्याचा २३ लाख ४० हजार निघाला. आता अधिकाऱ्याच्या मनात स्वाभाविक विचार येतो. दुसऱ्यास दोन दिवसांत रक्कम भरावयास सांगितले तर शासनाचे दीड लाख रुपये वाचतात. पन्नास हजारांच्या कागदासाठी दीड लाख का घालवावेत? हा विचार प्रामाणिक असू शकतो, आणि त्यामुळेच तो अधिक धोक्याचा आहे. अप्रामाणिक सवलत लपून दिली जाते व केव्हातरी उघडकीस येते; प्रामाणिक सवलत टिपणीवर कारणांसह लिहिली जाते आणि पुढील निविदेसाठी पायंडा पाडून जाते.

या उदाहरणात पहिल्या निविदाकाराची तक्रार उघड आहे. त्याने पन्नास हजार रुपये वेळेत गुंतविले आणि अट पाळल्याचा त्यास तोटा झाला. परंतु आणखी एक माणूस आहे, जो या तीन निविदांत कोठेच दिसत नाही. तो देगलूरचा किंवा अहमदपूरचा एखादा लहान गुत्तेदार असेल. त्याचीही ठेव पतसंस्थेतच होती. सूचना वाचून आपली पावती चालणार नाही असे त्याने मानले आणि निविदाच भरली नाही. अट शिथिल होणार आहे हे त्यास ठाऊक असते, तर कदाचित त्याचा दर २२ लाखांचा असता. एकदा जाहीर झालेली अट कार्यालयाच्या मालकीची उरत नाही. ती वाचून ज्यांनी निविदा भरली व जे थांबले, अशा सर्वांशी केलेले ते सांगणे असते. न भरलेल्या निविदेचा दर कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात येत नाही, म्हणून तो विचारात घ्यावयाचा राहून जातो.

पतसंस्थेची पावती का चालत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण ग्रामीण भागात याचा राग येतो. अनुसूचित बँक म्हणजे भारतीय रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या दुसऱ्या अनुसूचीत जिचे नाव आहे अशी बँक. पतसंस्था ही सहकारी संस्था असते, बँक नव्हे. तिच्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नसते. अट पतसंस्थेचा अपमान करण्यासाठी नसून, मागताक्षणी रक्कम हाती यावी यासाठी असते. मात्र 'राष्ट्रीयीकृत बँक' व 'अनुसूचित बँक' हे शब्द एकाच सूचनेत आलटून पालटून वापरणे हा निष्काळजीपणा होय. दोहोंचा अर्थ वेगळा आहे आणि जिल्ह्यातील काही बँका एकीत बसतात, दुसरीत नाहीत. जुने छापील नमुने तसेच पुढे चालविण्याची सवयही अशीच नडते. मराठवाड्यात जिच्या शाखांशी अनेक पिढ्यांचा व्यवहार होता, ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. एखाद्या नमुन्यात तिचे नाव राहून गेले असेल, तर ती अट कोणासच पाळता येणार नाही आणि प्रत्येक निविदाकार सारखाच अपात्र किंवा सारखाच पात्र ठरेल.

आवश्यक अट आणि दुय्यम अट

अशा प्रसंगी न्यायालये काय म्हणतात? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय वरवर वाचले तर परस्परविरोधी वाटतात. ते क्रमाने पाहिल्यास तसे राहत नाहीत.

प्रारंभ मुंबईच्या एका खटल्यापासून करावा लागतो. सांताक्रूझ विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची व नोंदणीची अट होती. ती पूर्ण न करणाऱ्यास ठेका दिला गेला. रमणा दयाराम शेट्टी यांच्या या प्रकरणात १९७९ साली न्यायालयाने सांगितले, की शासनाने जी कसोटी स्वतः जाहीर केली, तिला ते स्वतः बांधलेले आहे. ती मनास येईल तेव्हा बाजूस ठेवणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानतेचा भंग होय. गंमत अशी, की तत्त्व जिंकले तरी याचिकाकर्त्यास ठेका मिळाला नाही. त्याने न्यायालयात येण्यास विलंब लावला होता आणि दरम्यान ठेकेदाराने बराच खर्च केला होता. आज शेकडो निर्णयांत आधारास घेतला जाणारा हा निकाल ज्याने मिळविला, तो रिकाम्या हातानेच परतला.

बयाणा रकमेचा थेट प्रश्न १९९१ मध्ये पोद्दार स्टील कॉर्पोरेशनच्या प्रकरणात आला. वाराणसीच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याने भंगार विक्रीसाठी निविदा मागविल्या होत्या. बयाणा रक्कम रोखीने किंवा भारतीय स्टेट बँकेच्या धनाकर्षाने द्यावी, अशी अट होती. सर्वाधिक देकार देणाऱ्याने युनियन बँक ऑफ इंडियाचा, बँकेनेच प्रमाणित केलेला धनादेश दिला. कारखान्याने तो स्वीकारला. न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पात्रतेसंबंधीच्या आवश्यक अटी काटेकोर पाळाव्या लागतात. मूळ हेतू साधण्यासाठी घातलेल्या साहाय्यक किंवा दुय्यम अटींत प्राधिकरणास अक्षरशः पालनाचा आग्रह सोडता येतो, असा भेद न्यायालयाने केला. रक्कम सुरक्षित मिळणे हा हेतू होता आणि बँकेने प्रमाणित केलेल्या धनादेशाने तो साधला होता.

हा निकाल पुढे अनेकांनी ढालीसारखा वापरला. बयाणा रकमेत काहीही चूक झाली तरी 'ही दुय्यम बाब आहे' असे म्हणण्याची प्रथा पडली. तिला २०१६ साली सेंट्रल कोलफील्ड्सच्या प्रकरणात पायबंद बसला. तेथे बँक हमीचा नमुना निविदेत ठरवून दिला होता. एका संयुक्त उपक्रमाने दुसऱ्याच नमुन्यात हमी दिली व त्याची निविदा नाकारली गेली. उच्च न्यायालयाने ती बाब गौण मानली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीचा निर्णय कायम केला. अट आवश्यक आहे की नाही, हे ठरविण्याचा पहिला अधिकार निविदा काढणाऱ्याचा आहे. तो निर्णय सद्भावनेने व सर्वांस सारखा लागू केला असेल, तर न्यायालयाने आपले मत त्याच्या जागी बसवू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी नागपूर मेट्रोच्या निविदेसंबंधी दिलेल्या निकालातही, आपल्या निविदेचा अर्थ लावण्यास ती तयार करणारा सर्वांत योग्य असतो, हे तत्त्व न्यायालयाने मांडले.

मग निविदा काढणाऱ्याने सवलत दिली तर तीही मान्य व्हावयास हवी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर विदर्भातून मिळाले. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या एका निविदेत ४० महिन्यांची बँक हमी देणे आवश्यक होते. एका निविदाकाराने सहा महिन्यांचीच दिली. महामंडळाने ती उणीव नंतर भरून घेऊन त्यास स्वीकारले. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. निविदेतील शब्द निरर्थक मानता येत नाहीत, आणि आवश्यक अटीच्या भंगास क्षमा करण्याचा अधिकार महामंडळास नाही, असा हा निर्णय आहे. वर्गखोल्यांच्या उदाहरणातील तिसऱ्या निविदाकाराची स्थिती याच्या फार जवळची आहे.

तिन्ही निर्णय एकत्र वाचल्यास कार्यालयांपुढील काम स्पष्ट होते. वाद मिटविण्याची जागा छाननी समिती ही नव्हे, ती निविदा सूचनेचा मसुदा ही होय. अट पाळली नाही तर निविदा नाकारली जाईल, असे जेथे लिहिले आहे तेथे ती नाकारावीच लागेल. ज्या अटीबाबत असे करावयाची कार्यालयाची तयारी नाही, तेथे तसे लिहूच नये. पावतीवर कार्यकारी अभियंत्याऐवजी उपअभियंत्याचे पदनाम पडले, बँकेच्या शाखेचा शिक्का अस्पष्ट आहे, अशा चुकांस किती दिवसांत दुरुस्ती करता येईल, हे सूचनेतच नमूद करता येते. मग ती सवलत न राहता सर्वांचा हक्क होतो. अटीबाबत शंका असल्यास निविदापूर्व बैठकीत विचारावी व उत्तर शुद्धिपत्रकाने सर्वांना कळवावे. एकास दूरध्वनीवर दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे.

ऑनलाइन भरण्याने पूर्वीचे काही वाद संपले आणि नवे आले. शेवटच्या दिवशी पाठविलेली रक्कम मुदतीनंतर जमा होते. भागीदारी संस्थेची निविदा असते पण रक्कम एका भागीदाराच्या वैयक्तिक खात्यातून येते. एकाच संगणकावरून दोन स्पर्धकांच्या रकमा भरल्या जातात. यांतील शेवटच्या प्रकारात बयाणा रकमेपेक्षा संगनमताचा प्रश्न मोठा असतो. बँक हमीची पडताळणी निविदाकाराने आणून दिलेल्या पत्रावर न करता हमी देणाऱ्या शाखेशी थेट पत्रव्यवहार करून किंवा बँकांच्या आपसांतील संदेश यंत्रणेतून करावी, हेही येथे सांगणे अवश्य आहे. बनावट हमीचा शोध बहुधा ती वटविण्याची वेळ येते तेव्हाच लागतो.

रक्कम जप्त केव्हा होते?

दुसरा मोठा वाद जप्तीचा. येथे इसार व बयाणा यांतील भेद पुन्हा पुढे येतो. निविदेच्या वैधतेच्या मुदतीत देकार मागे घेतला तर बयाणा रक्कम जप्त होईल, अशी अट असते. गंगा एंटरप्रायझेस या संस्थेने राष्ट्रीय महामार्गावरील पथकर वसुलीचा आपला देकार स्वीकृतीपूर्वी मागे घेतला आणि कलम ५ चा आधार घेऊन रक्कम परत मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही मागणी फेटाळली. देकार मागे घेण्याचा हक्क आहे. पण तसे केल्यास रक्कम जाईल हे मान्य करूनच तो दिला होता, म्हणून हक्क वापरावा व किंमतही मोजावी, असा या निकालाचा आशय आहे.

करार झाल्यानंतरची स्थिती वेगळी असते. तेथे करार अधिनियमाचे कलम ७४ लागू होते व वाजवी भरपाईपुरतीच वसुली करता येते. लष्करास बटाटे, कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याचे करार घेतलेल्या मौला बक्ष या पुरवठादाराच्या दहा हजार व साडेआठ हजार रुपयांच्या ठेवी शासनाने जप्त केल्या होत्या. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या परत करावयास लावल्या. ती रक्कम इसार नसून सुरक्षा ठेव होती आणि शासनाने आपले नुकसान सिद्ध केले नव्हते. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने ज्या भूखंडाची रक्कम जप्त केली, तोच भूखंड पुढे अधिक किमतीस विकला होता. नुकसान झालेच नाही तर भरपाई कशाची, असे विचारून न्यायालयाने रक्कम परत देवविली. मात्र करार होण्यापूर्वी लिलावाच्या अटींनुसार झालेल्या जप्तीस कलम ७४ लागू नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे.

जप्तीच्या बाबतीत कार्यालयांकडून होणारी नेहमीची चूक मुदतीची असते. निविदेची वैधता १२० दिवसांची, मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागते, फाईल थांबते, १४०व्या दिवशी कार्यारंभ आदेश निघतो व गुत्तेदार काम करण्यास नकार देतो. दरम्यान सिमेंट-लोखंडाचे भाव वाढलेले असतात. अशा वेळी जप्तीची नोटीस काढणे चुकीचे होय. वैधता संपताच निविदाकार मोकळा झाला. मुदत संपण्यापूर्वी त्यास लेखी विचारून वाढ मागता येते; वाढ देण्यास त्याने नकार दिला तरी सर्वसाधारण तत्त्वानुसार त्याची बयाणा रक्कम जात नाही. तसेच एखाद्या कागदपत्राच्या उणिवेमुळे निविदा अपात्र ठरली, एवढ्यावरून रक्कम जप्त करता येत नाही. खोटे दाखले जोडले असतील व तशी अट असेल तर गोष्ट निराळी. जप्ती ही उत्पन्नाची बाब नव्हे. कारणे न देता व म्हणणे न ऐकता केलेली जप्ती न्यायालयात सहसा टिकत नाही.

लहान माणसाची अडचण

बयाणा रक्कम वाढविली की फुटकळ निविदाकार गळतात, असा एक समज कार्यालयांत आढळतो. गळतात हे खरे. पण त्यांच्याबरोबर स्पर्धाही गळते. नांदेड-लातूरकडील लहान गुत्तेदाराचे भांडवल बहुधा दोन-तीन कामांत फिरत असते. चार ठिकाणी निविदा भरल्या व चारही ठिकाणची रक्कम तीन-तीन महिने अडकली, तर पाचव्या ठिकाणी तो येऊच शकत नाही.

म्हणून सूक्ष्म व लघु उद्योगांना, नोंदणी असल्यास, केंद्राच्या नियमांत बयाणा रकमेतून सूट आहे. ही सूट वस्तू व सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाच्या निविदेस ती आपोआप लागू होते असे समजून अनेकजण बाद होतात. रकमेऐवजी केवळ घोषणापत्र घेण्याचीही तरतूद आहे. शब्द मोडल्यास ठराविक काळ निविदा भरता येणार नाही, असे त्यात निविदाकार मान्य करतो. कोरोनाच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, केंद्रीय वित्त मंत्रालयाने आपल्या निविदांसाठी ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत रकमेऐवजी असे घोषणापत्रच घेण्यास सांगितले होते.

अटी पाळण्याजोग्या असल्या पाहिजेत, याची आठवण अंगणवाड्यांच्या पोषण आहाराच्या एका प्रकरणाने करून दिली. २०१६ च्या या राज्यव्यापी निविदेतील आर्थिक व यंत्रसामग्रीच्या अटी अशा होत्या, की ज्या महिला बचत गटांना काम द्यावयाचे ते गटच बाहेर राहत. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्या अटींना आक्षेप घेऊन नव्याने निविदा काढण्यास सांगितले. अट सर्वांस सारखी लावली एवढे पुरत नाही. मुळात ती कोणासाठी घातली आहे, हेही पाहिले जाते.

वाद न्यायालयात गेल्यावर

नांदेड व लातूरच्या निविदाविषयक याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात. २७ ऑगस्ट १९८१ रोजी तेथे काम सुरू होण्यापूर्वी अशा वादासाठी मुंबई गाठावी लागे. आता अंतर अडीचशे किलोमीटरांच्या घरात आले आहे, तरी वर्गखोल्यांच्या कामास स्थगिती मिळाली तर मुलांना त्याचा उपयोग नाही. खापरखेडा वीज केंद्राच्या कामासंबंधीच्या रौनक इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. स्थगितीने सार्वजनिक कामास विलंब होतो, खर्च वाढतो आणि तो भार जनतेवर पडतो. म्हणून स्थगिती मागणाऱ्यावर त्या परिणामांची जबाबदारी टाकता आली पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. २००६ च्या जगदीश मंडल प्रकरणात दोन प्रश्न ठरवून देण्यात आले. निर्णय इतका मनमानी किंवा दुष्ट हेतूचा आहे काय, की कोणतेही जबाबदार प्राधिकरण तो घेणार नाही? आणि सार्वजनिक हितास बाधा पोहोचली आहे काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर न्यायालयाने हात आवरावा. पायाभूत सुविधांच्या कामांबाबत विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेली दुरुस्तीही मनाई हुकुमांवर बंधन घालते.

पंचायत सदस्यांसाठी हा विषय मोठ्या कामांपुरता नाही. आठवडी बाजाराची फी वसूल करण्याचा ठेका, गाव तलावातील मासेमारी, वाळलेल्या झाडांची विक्री, या प्रत्येक हर्राशीत बोली बोलणाऱ्याकडून अनामत घेतली जाते. बाजाराच्या हर्राशीत ओळखीच्या माणसास 'पैसे नंतर दे, आधी बोली बोल' म्हणण्याचा मोह गावपातळीवर फार असतो. त्याने बोली चढविली व नंतर पाठ फिरविली तर जप्त करावयास हाती काहीच राहत नाही आणि दुसऱ्या क्रमांकाचा माणूस तोवर घरी गेलेला असतो. अनामत घेतल्याशिवाय बोलणाऱ्याचे नाव पुकारू नये. प्रत्येकास पावती द्यावी आणि बोली संपताच, ज्यांची बोली उतरली नाही त्यांची रक्कम त्याच बैठकीत परत करून सही घ्यावी.

परताव्याबाबत केंद्राच्या नियमांत, अयशस्वी निविदाकारांची रक्कम काम दिल्यापासून ३० दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. यशस्वी निविदाकाराची रक्कम त्याने सुरक्षा ठेव भरताच सुटते किंवा तिच्यात वळती होते. प्रत्यक्षात परताव्यासाठी निविदाकारालाच अर्ज करावा लागतो, मूळ पावती सापडत नाही, सही करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते. कोषागाराच्या सर्वसाधारण पद्धतीनुसार तीन पूर्ण लेखा वर्षे मागणी न झालेली ठेव व्यपगत होऊन शासनाच्या खाती जमा होते, आणि त्यानंतर ती मिळविण्यास नवीन मंजुरी लागते. कार्यालयाने अनामत रकमांची नोंदवही दर मार्चअखेर काढून कोणाचे किती देणे राहिले आहे याची यादी सूचना फलकावर लावली, तर देणी सुटतात व नोंदवहीही हलकी होते.